भुसावळहून बुडालेल्या जहाजाकडे

भुसावळ जंक्शनवरून बुडालेल्या जहाजापर्यंत जायला मध्ये कुठे गाडी बदलावी लागत नाही. हजरत निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्स्प्रेस इथे थांबते आणि मनमाड, दौंड, पुणे, मिरज, बेळगाव करत, दूधसागरच्या घाटातून उतरत वास्कोला पोचते. वास्कोसमोरच्या समुद्रात ग्रांद बेट आहे. त्याच्या आडोशाला एका जहाजाचा मोडका सांगाडा पडलेला आहे. डायव्हिंग करणारी मंडळी त्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात; रेक म्हणजे बुडालेलं जहाज. खोली जास्तीत जास्त 15-16 मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी. भारतात नवशिक्याला झेपतील अशा बुडीत जहाजांमध्ये हे आपल्याला सगळ्यात जवळचं.

खोली कमी आहे म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, ‘‘मग त्यात काय भाऊ, तापीच्या डोहात उड्या मारल्या आहेत आपण.’’ हा लेख त्या भाऊसाठीच आहे. उथळ पाण्यातलं जहाज खोल पाण्यातल्यापेक्षा सोपं असतं, हे खरं. पण पाण्याखालच्या दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या 10 मीटरांतच होतो, आणि डायव्हिंगमधले बरेचसे नवशिके तिथेच चुकतात.

रेल्वेच्या गावात दाबाचा हिशेब समजावणं सोपं आहे. गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब असतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही बापाकडून किंवा मामाकडून ऐकून माहीत असतं. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा साधारण 1 किलो दाब असतो. समुद्रात दर 10 मीटरला त्यात आणखी एकेकाची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर तो दुप्पट होतो, 20 मीटरवर तिप्पट. आता नीट बघा: वरून 10 मीटरवर जाताना दाब दुप्पट झाला, पण 10 वरून 20 वर जाताना दीडपटच वाढला. 10 मीटरवर पोटभर श्वास घेऊन कुणी तो रोखून धरला आणि तसाच वर आला, तर छातीतली हवा वाटेत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसं काही फुग्याची नसतात. भरलेल्या छातीने श्वास कोंडून दीड मीटर वर आलं तरी ती फाटू शकतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. तापीत बुडी मारणाऱ्याची सवय नेमकी उलटी असते, त्यामुळे चांगला पोहणारा इथे हटकून अडखळतो.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 किलोच्या दाबाने हवा भरलेली असते, तुमच्या ब्रेक पाइपच्या चाळीस पट. तो ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हे. त्यात आपण फलाटावर घेतो तीच हवा असते, गाळून आणि कोरडी करून दाबलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं पोट 11 लिटरचं असतं. 50 किलो दाब राखीव सोडला तर वापरायला 150 उरतात, म्हणजे सुमारे 1650 लिटर हवा. घाबरट नवशिका वर मिनिटाला 20 लिटर ओढतो. 12 मीटरवर त्याला 2.2 पट लागते, म्हणजे 44 लिटर. भागाकार केला की 37 मिनिटं येतात. शांतपणे श्वास घेणारा त्याच सिलिंडरवर पाऊण तासाच्या पुढे जातो. पाण्याखाली वेळ वाढवायचा दुसरा स्वस्त उपाय नाही, फक्त हातपाय कमी मारायचे आणि श्वास लांब सोडायचा.

आता पैशाचा आणि दिवसांचा प्रश्न. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला ‘स्कूबा केलं’ म्हणून परत येणारे बहुतेक जण दहा-पंधरा मिनिटं पाण्यात असतात. प्रशिक्षक मागून टाकी धरून असतो, आपण माशांना हात दाखवतो, कुणीतरी व्हिडिओ काढतो. त्यात वाईट काही नाही. घरच्या लहानमोठ्यांना समुद्राची भीती मोडायला ते उत्तम. पण ते जहाजावरचं डायव्हिंग नव्हे, आणि तेवढ्या अनुभवावर कुणी तुम्हाला ‘रेक दाखवतो’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. माझ्या पहिल्या खेपेला एका बोटीवर अशीच बोली झाली होती. वर आल्यावर विचारलं, ‘‘जहाज कुठे होतं?’’ उत्तर आलं, ‘‘ते काय, उजव्या हाताला काळं दिसलं ना, तेच.’’ पाणी इतकं गढूळ होतं की उजवा हातही धड दिसत नव्हता.

जहाज बघायचंच असेल तर ‘ओपन वॉटर’ हा पहिला अभ्यासक्रम पुरा करून जा. तीन-चार दिवस लागतात: थोडा पाठ, तलावातला सराव आणि समुद्रात चार डुबक्या. त्यानंतर जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते आणि सुझीज रेक त्या मर्यादेत आरामात बसतं. आपल्या राज्यात तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. गोव्यात खाजगी केंद्रं बरीच आहेत. केंद्र निवडताना भाव नंतर विचारा. आधी हे विचारा की एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण असतील, बोटीवर ऑक्सिजनची पेटी आहे का, आणि दाबाच्या उपचाराची खोली असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं. ज्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडे पैसे भरू नका.

तयारीचा अर्धा भाग भुसावळातच होतो. अभ्यासक्रमाला 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगणं लागतं, वेळेची अट नाही. तलावावर महिनाभर जाऊन ते जमवा, हतनूर धरणाच्या पाण्यात किंवा नदीत एकट्याने सराव करू नका. नंतर डॉक्टर. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, अलीकडे झालेला न्यूमोनिया, यांतलं काही असेल तर लपवू नका. गरोदरपणात डायव्हिंग नाहीच. आपल्याकडे फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून मोकळं व्हायची पद्धत आहे. विम्याच्या फॉर्मवर ती पैशाला भोवते, इथे जिवाला. आणि निघायच्या दिवशी सर्दी झाली असेल तर तिकीट पुढे ढकला. नाक चोंदलेलं असताना कान मोकळे होत नाहीत. औषध घेऊन नाक उघडलं आणि खाली गेल्यावर औषधाचा असर उतरला तर वर येताना हाल होतात.

कान मोकळे करणं म्हणजे काय? घाटातून एसटी उतरताना कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळला की सुटतो, तेच. पाण्यात मात्र दडा बसायची वाट बघायची नाही. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखलं तर एक मीटर वर या, पुन्हा करा. सुटलं नाही तर त्या दिवशी डुबकी नाही. जोर लावून फुंकणारा माणूस कानाचा पडदा फाडून घेतो. हा सराव घरी खुर्चीत बसून रोज करता येतो, फक्त हळू फुंका.

मिशीवाल्यांसाठी एक सांगतो, कारण खानदेशात मिशीला मान आहे. मास्कची रबरी कड नाकाखाली मिशीवर बसते आणि तिथून पाणी झिरपतं. त्यावर काही जण व्हॅसलीन चोपडतात, त्याने कड खराब होते. नाकाच्या लगतची एक बारीक रेघ भादरली की पुरतं. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, तो आधी सांगून ठेवावा लागतो.

हवामानाचं गणित आपल्या शाळेच्या सुट्ट्यांशी जुळत नाही. जून ते सप्टेंबर समुद्र बंद. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ, तरीही गोव्याच्या पाण्यात नजर चार-सहा मीटर पोचली तर दिवस चांगला म्हणायचा. अंदमानच्या निळ्याशार फोटोंच्या अपेक्षेने जाऊ नका. कोकणातल्या कोळ्याला विचारा, तो तारीख विचारणार नाही, तिथी विचारेल. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पाण्याला ओढ असते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी त्या मानाने थांबलेलं आणि स्वच्छ. रेल्वेचं आरक्षण करताना दिनदर्शिका उघडी ठेवा आणि सप्तमी ते दशमी धरून गाडी ठरवा. दिवाळीच्या ऐन सुट्टीत लक्ष्मीपूजनाला अमावास्याच असते, म्हणजे सगळी गर्दी जाते तेव्हा पाणी सगळ्यात ओढाळ.

पाणी 27-28 अंशांचं असतं. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांच्या पुढे ते गार वाटेल, पण थंडी वाजेल असं वाटत नाही. वाजते. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पाऊण तासाने दात वाजायला लागतात. तीन मिलिमीटरचा वेटसूट मागून घ्या, ‘मला थंडी वाजत नाही’ म्हणून परत देऊ नका. त्याने गंजक्या पत्र्यापासून कातडीही वाचते.

डुबकीच्या दिवशी सकाळी दोन केळी आणि थोडं पाणी. केळीच्या गावाहून येतोय आपण, एवढं तरी सोबत असावंच. आदल्या रात्री मद्य नको, तिखट शेवभाजी तर नकोच. बोट हलते, पोट ढवळतं. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री गोळी घ्या. बोटीवर बसल्यावर घेतलेली गोळी समुद्रातच जाते.

बोट वास्को-बायणाकडून किंवा पणजीच्या बाजूच्या धक्क्यांवरून सुटते. वाटेत गाईड सुझीची गोष्ट सांगेल, आणि गाईडागणिक ती बदलेल. कुणी म्हणतो दुसऱ्या महायुद्धात बुडालं, कुणी म्हणतो विलायतेहून रेल्वेचे सुटे भाग घेऊन मुंबईला चाललं होतं. भुसावळकराला दुसरी गोष्ट आवडणार हे उघड आहे. दोन्ही ऐकून घ्या आणि मनात ठेवा. महायुद्धाच्या गोष्टीत, मला वाटतं, मार्मागोवा बंदरातल्या खऱ्या घटनेची सरमिसळ झाली असावी. मार्च 1943 मध्ये तटस्थ पोर्तुगीज गोव्यात आसरा घेतलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कोलकात्याहून आलेल्या ब्रिटिश हौशी घोडदळवाल्यांनी रात्री छापा घातला. ते हाती लागू नये म्हणून जर्मन खलाशांनी आपलंच जहाज बुडवलं. तिथल्या आणखी दोन जर्मन आणि एका इटालियन जहाजानेही तेच केलं. पण ती सगळी बंदरात होती, ग्रांद बेटापाशी नव्हे.

या पाण्याची पक्की माहिती हवी असेल तर ती दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी जमवली आहे. सुंची खडकावर त्यांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे. सेंट जॉर्ज खडकावर ‘बासेल मिशन 1865’ असा शिक्का असलेली कौलं सापडली. मंगळूरहून माल भरून निघालेलं जहाज ग्रांद बेटाच्या आसपास फुटलं असणार. आणि अमी शोलवर वाफेवर चालणाऱ्या एका जहाजाचे बॉयलर पडलेले आहेत. भुसावळ शेडला वाफेची इंजिनं पाहिलेल्या माणसाला तो गोल पोटाचा बॉयलर बघून कुणी ओळख करून द्यायला नको.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराची तपासणी करायची असते. गाडी सुटण्यापूर्वी ब्रेक तपासून गार्ड आणि लोको पायलट सही करतात, तसं समजा. अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरते आणि सुटते का, वजनाचा पट्टा एका हाताने सोडता येतो का, सगळे बक्कल लागले का, सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का आणि श्वास ओढताना दाबमापकाचा काटा हलत नाही ना. काटा थरथरला तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. वजनाचंही बघून घ्या. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो, त्यामुळे तलावात पुरेसं झालेलं वजन समुद्रात कमी पडतं.

खुणांमध्ये आपली फसगत ठरलेली. अंगठा वर केला म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. खूश होऊन अंगठा दाखवणारा प्रत्येक नवशिका आपली डुबकी दहाव्या मिनिटाला संपवतो. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं कडं. होकार-नकाराला मान हलवू नका, खाली ती कुणाला दिसत नाही.

आता जहाज. खाली उतरताना ते एकदम समोर येत नाही. आधी पाण्यात एक गडद डाग, मग सरळ रेष. समुद्रात सरळ रेष नसते, त्यामुळे डोळा तिथेच अडकतो. जवळ गेल्यावर फासळ्या दिसतात, पत्रे, त्यावर शिंपले आणि मऊ प्रवाळ. लाल रंग पाच मीटरच्या आसपासच विझलेला असतो, सगळं हिरवट-करडं दिसतं. टॉर्च लावला की गंज एकदम भगवा होतो आणि कपारीतला मासा लालभडक निघतो. मास्कमुळे प्रत्येक वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते, तेव्हा परत आल्यावर सांगायच्या माशाची लांबी त्या हिशेबाने कमी करा.

मला सगळ्यात जास्त वेळ घालवावासा वाटतो तो एका जागी तरंगत. नवशिके जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात आणि त्यांना गंजलेलं लोखंड दिसतं. पत्र्याच्या एका भोकासमोर पाच मिनिटं हात बांधून थांबलं की आधी कोळंबीच्या मिशा दिसतात, मग भोकाच्या आतला वाम तोंड उघडमिट करताना दिसतो, मग लक्षात येतं की समोरचा दगड श्वास घेतोय. तो विंचूमासा. हात टेकू नका हे सांगण्याचं कारण तोच. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. सायाळीच्या काट्यांसारखा पिसारा मिरवणारा लायनफिश तसाच. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरतात आणि दवाखाना गाठतात. गंजक्या कडांचा विचार करून धनुर्वाताची सुई आधीच घेतलेली बरी.

आत शिरायचं नाही. दार रुंद आहे, पलीकडचा उजेड दिसतो, दोनच मीटर आहे, तरी नाही. आतल्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. पायातल्या फिनचा एक फटका बसला की तो उठतो आणि आलेली वाट दिसेनाशी होते. वर डोकं काढायला छत आडवं. जहाजात शिरण्याचं वेगळं शिक्षण असतं, त्यात दोरी आणि टॉर्च लावून जायला शिकवतात. जाळ्यांचीही काळजी घ्या. कोळ्यांची तुटलेली जाळी जहाजाला अडकून राहतात आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाहीत. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला जाळं अडकलं तर गरगर फिरू नका, तसेच थांबा, जोडीदाराला बोलवा. छोटं कटर जॅकेटला अडकवलेलं असावं.

आणि काही उचलू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या शेजारी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते. पितळेचा एक बोल्ट घरच्या शोकेसमध्ये दोन महिने मिरवतो, मग त्यावर हिरवट बुरशी चढते आणि आई तो अडगळीत टाकते.

100 किलोला काटा आला की परत फिरा, 50 ला पाण्याबाहेर. वर येताना आपल्या सर्वांत लहान बुडबुड्यांपेक्षा हळू, मिनिटाला 9 मीटरहून जास्त नाही. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. एवढ्या खोलीवर ते सक्तीचं नसलं तरी थांबा.

पुढच्या काळात आपल्याला गोव्यापर्यंतही जावं लागणार नाही, अशी शक्यता आहे. जानेवारी 2024 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही सुमारे 84 मीटर लांबीची नौका महाराष्ट्र पर्यटन महामंडळाकडे आली आहे. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात ती मुद्दाम बुडवून डायव्हिंगसाठी खुली करण्याची योजना आखली गेली. अशी नौका बुडवण्याआधी तेल आणि तारा काढून टाकतात, दारं उतरवतात, बाहेर पडायला मोकळ्या वाटा ठेवतात. अपघातात बुडालेल्या जहाजापेक्षा ती पुष्कळ बिनधोक असते. कोकणात जायचं ठरवलंत तर तारकर्लीच्या संस्थेला फोन करून मगच आरक्षण करा.

परतीच्या प्रवासात बहुतेक जण चुकतात. डायव्हिंगनंतर विमानाने लगेच जाऊ नये, एका डुबकीनंतर 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास थांबावं, हे सगळे सांगतात. ‘‘आम्हाला काय, आम्ही रेल्वेने आलो,’’ असं म्हणून आपला माणूस सकाळी डुबकी मारतो आणि त्याच दुपारी वास्कोहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसतो. ती गाडी समुद्रसपाटीवरून निघून काही तासांत घाट चढते आणि संध्याकाळनंतर 750 मीटर उंचीच्या बेळगावात असते. खाली दाबाने रक्तात विरघळलेल्या, श्वासातल्या नायट्रोजनला विमान काय आणि घाट काय, हवेचा दाब कमी झाला एवढंच कळतं. चोर्ला आणि आंबोलीच्या घाटरस्त्यांचंही तेच. मडगावहून मंगला एक्स्प्रेस घेतली तर ती कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने जाते आणि कसाऱ्याचा घाट बऱ्याच तासांच्या प्रवासानंतर येतो, तो हिशेब त्यातल्या त्यात बरा. पण सगळ्यात सरळ म्हणजे शेवटची डुबकी आणि परतीची गाडी यांच्यात एक रात्र ठेवा. वास्कोत थांबा, कान गोड्या पाण्याने धुवा, भरपूर पाणी प्या, सांधे किंवा खांदा दुखतोय का, मुंग्या येताहेत का याकडे लक्ष असू द्या. तसं काही वाटलं तर चोळत बसू नका, केंद्राला फोन करा आणि ऑक्सिजन मागा. नाही वाटलं तर दुसऱ्या दुपारी गाडी पकडा आणि दूधसागर येईपर्यंत उजव्या-डाव्या खिडकीवरून भांडा.